कोर्दोबा: जुन्या दगडांचं शहर

सप्टेंबरच्या अखेरीस कोर्दोबात उजाडायलाच सव्वाआठ होतात. स्पेनचा सूर्य पोर्तुगालच्या शेजारचा, पण घड्याळ मध्य युरोपाचं, त्यात उन्हाळी वेळेची भर. आम्ही आठला बाहेर पडलो तेव्हा गल्ल्यांतले दिवे अजून चालू होते आणि हवेत चक्क गारवा होता. दुपारी त्याच गल्ल्यांतून भिंतीच्या सावलीला धरून चालावं लागलं. आपल्या ऑक्टोबर हीटमधून गेलेल्या माणसाला त्याचं फार अप्रूप नाही, पण इथे दुकानदार सरळ दुकान ओढून घेतात आणि संध्याकाळपर्यंत गावात कोणी दिसत नाही.

माझी लेक माद्रिदला शिकते. तिथून वेगवान गाडीने पावणेदोन तासांत इथे पोचता येतं, त्यामुळे बरेच जण सकाळी येऊन संध्याकाळी परततात. माझं ऐकाल तर एक रात्र मुक्काम करा. मेस्किता, म्हणजे इथली जुनी मशीद, आम्ही गेलो तेव्हा सकाळी साडेआठ ते साडेनऊ फुकट पाहता येत होती. पैशांपेक्षा मोलाची गोष्ट ही की त्या वेळात पर्यटकांच्या टोळ्या आत नसतात.

आत 856 खांब आहेत. संख्येने माणूस दबतोच, पण मला तिथे खिळवून ठेवलं ते खांबांच्या वेगळेपणाने. एक गुळगुळीत काळपट, शेजारचा गुलाबी, तिसऱ्यावर पिळाची नक्षी, आणि माथ्यावरचं कोरीवकाम पुन्हा प्रत्येकाचं निराळं. इथला मुस्लिम राजा पहिला अब्द अल-रहमान याने 785-86च्या सुमारास काम काढलं तेव्हा नवे खांब घडवत न बसता रोमन आणि त्यांच्यानंतर राज्य केलेल्या व्हिसिगॉथांच्या इमारतींचे जुने खांब आणून उभे केले. ते आखूड होते आणि छत तर उंच हवं होतं. म्हणून एका कमानीच्या वर दुसरी कमान आली. खालची नालाच्या आकाराची, ती खांबांना एकमेकांशी बांधून ठेवते. वरची अर्धगोल, ती छताचा भार घेते. पांढरा दगड आणि लाल वीट आलटून पालटून. जगभर फोटोंतून पोचलेली ही रचना मुळात आखूड खांबांची अडचण सोडवायला निघाली, हे कळल्यावर मला ती जास्तच आवडली.

पुढच्या राजांनी मशीद वाढवत नेली. दुसऱ्या अल-हकमच्या काळात, दहाव्या शतकात, मिहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा, सजला. त्यासाठी कॉन्स्टँटिनोपलच्या ख्रिस्ती सम्राटाने कारागीर आणि मोझाइकचे तुकडे पाठवले. तिथलं सोनं आजही झळकतं. गंमत म्हणजे मिहराबचा रोख दक्षिणेकडे आहे, आणि मक्का इथून बरीच पूर्वेला.

997 मध्ये कोर्दोबाचा सेनानी अल-मन्सूर याने उत्तरेतल्या सांतियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्रावर स्वारी केली. तिथल्या चर्चच्या घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यांवरून कोर्दोबात आल्या आणि मशिदीत त्यांचे दिवे झाले, असं सांगतात. 1236 मध्ये ख्रिस्ती राजा तिसरा फर्नांदो याने शहर घेतलं आणि त्याच घंटा मुस्लिम कैद्यांच्या खांद्यांवरून परत पाठवल्या. हे ऐकताना मला वसईच्या पोर्तुगीज घंटा आठवल्या. चिमाजी अप्पांच्या मोहिमेनंतर त्या देवळादेवळांत गेल्या. भीमाशंकरला आहे, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आहे. आपल्याकडच्या काही परत गेल्या नाहीत.

आणि मग या खांबांच्या मधोमध एकदम उजेड होतो. 1523 मध्ये इथे कॅथेड्रलचं काम निघालं. नगरसभेने विरोध केला, पाडकामाला हात लावणाऱ्याला मृत्युदंडाची धमकीही दिली. पण सम्राट पाचव्या चार्ल्सने बिशपच्या बाजूने कौल दिला. पुढे स्वतः पाहिल्यावर त्याला पश्चात्ताप झाला म्हणे. मला ते कॅथेड्रल आवडलं नाही. महोगनीची आसनं अप्रतिम आहेत, घुमट उंच आहे, पण हे सगळं दुसरीकडेही पाहायला मिळालं असतं. लेकीचं मत उलटं. "आई, चर्च झालं म्हणून ही इमारत टिकली असेल." असेलही.

ज्यू मोहल्ल्यातलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, मात्र चुकवू नका. 1315 सालची एकच लहानशी खोली, भिंतींवर चुन्यातली नक्षी आणि हिब्रू अक्षरं. 1492 मध्ये ज्यूंना देशाबाहेर काढल्यावर तिथे पिसाळलेलं कुत्रं चावलेल्यांचं इस्पितळ झालं, नंतर ती जागा चांभारांच्या संघाकडे गेली. नक्षी गिलाव्याखाली दडली होती, ती एकोणिसाव्या शतकात पुन्हा उजेडात आली. जवळच्या चौकात मध्ययुगातला ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिदेस याचा पुतळा बसलाय. तो याच गावचा, पण अल्मोहाद या कडव्या मुस्लिम राजवटीत घर सोडावं लागून शेवटी इजिप्तला गेला. पर्यटक हात लावून लावून त्याचे पाय चकचकीत करतात.

जेवणाचं सांगते, कारण शाकाहारी वाचक विचारणारच. साल्मोरेहो म्हणजे टोमॅटो, शिळा पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेलाचं दाट गार सार. वर उकडलेलं अंडं आणि डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, ते नकोत असं आधीच सांगा. दुसरा पदार्थ तळलेल्या वांग्यांचा, वर उसाची काकवी. लेक म्हणाली हे मध आहे, मी एका घासात ओळखलं. दोन बशा संपवल्या.

रोमन पुलावर सगळे जातात, आम्हीही गेलो. बऱ्याच डागडुजीनंतर त्यात रोमन फारसं उरलेलं नाही. पुलापेक्षा खाली नदीतल्या झाडीच्या बेटांवरचे गायबगळे आणि पाणकावळे पाहण्यात जास्त वेळ गेला.

दुसऱ्या दिवशी बसने मदीना अझाहराला गेलो. तिसऱ्या अब्द अल-रहमानने 936च्या सुमारास वसवायला घेतलेली ही राजनगरी, शंभर वर्षं पुरी व्हायच्या आत यादवीत लुटली गेली. नंतर कित्येक शतकं लोक इथून दगड नेत राहिले. वरच्या डोंगरावर सान हेरोनिमोचा मठ दिसतो, तोही याच दगडांतून उठलेला. तो खासगी मालकीचा आहे, तेव्हा खालूनच पाहिला आणि बस पकडली.