एक्सेटर ते प्रेस्कॉट : ठशांच्या मागावर

इंग्लंडमधल्या एखाद्या लहान शहराचं आणि तिथल्या दुकानदाराचं नाव कोरलेलं चांदीचं खिशातलं घड्याळ हाती आलं, की बहुतेक जण आधी ते नाव शोधायला लागतात. आमच्या मते वाट तिथेच चुकते. एकोणिसाव्या शतकातल्या अशा घड्याळावर बऱ्याचदा तीन वेगळ्या माणसांच्या खुणा असतात. यंत्राच्या प्लेटवर विकणाऱ्याचं नाव, बाहेरच्या चांदीच्या डबीत डबी घडवणाऱ्याची आद्याक्षरं आणि तबकडीखाली, जिथे गिऱ्हाइकाची नजर कधीच पोचत नाही, तिथे कच्चं, म्हणजे अर्धवट तयार, यंत्र बनवणाऱ्याचा ठसा. तिघं तीन गावांचे. म्हणून आम्ही दुकानापासून उलटे कारागिराकडे निघालो : एक्सेटर, बर्मिंगहॅम, चेस्टर आणि शेवटी लिव्हरपूलजवळचं प्रेस्कॉट.

एक्सेटरमध्ये गोल्डस्मिथ स्ट्रीट हे नाव अजून टिकून आहे, पण पाहण्यासारखं सगळं क्वीन स्ट्रीटवरच्या रॉयल अल्बर्ट मेमोरियल म्युझियममध्ये आहे. तिथली एक्सेटरची चांदी बघण्याआधी १६९७ चा कायदा माहीत हवा. नाणी वितळवून भांडी करायची चाल थांबवायला सरकारने भांड्यांच्या चांदीचा कस हजारी ९२५ वरून ९५८.४ वर नेला, आणि लंडनबाहेरच्या शहरांचा चांदीचा कस तपासून ठसे मारायचा अधिकार त्यात गेलाच. १७०१ मध्ये एक्सेटर, यॉर्क, चेस्टर, ब्रिस्टल आणि नॉरिच यांना तो परत मिळाला, न्यूकॅसलला वर्षभराने. त्या काळात कारागिराच्या ठशात आडनावाची पहिली दोन अक्षरं लागत, त्यामुळे एक्सेटरच्या जॉन एल्स्टनचा ठसा ‘ईएल’ असा दिसतो. १७२० पासून ९२५ च्या कसाला पुन्हा परवानगी मिळाली, आणि त्या चांदीवर नावाची आद्याक्षरं परत आली. म्हणजे एकाच माणसाचे दोन वेगळे ठसे असू शकतात. हे लक्षात नसेल तर एका सोनाराचे दोन सोनार होतात.

ठसे वाचायचा आमचा क्रम ठरलेला आहे. दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि बाजूने पडणारा उजेड घ्यायचा. आधी शहराची खूण (एक्सेटरची तीन बुरुजांचा किल्ला), मग ठसा कोणत्या वर्षी मारला ते सांगणारं वर्षाचं अक्षर, आणि आद्याक्षरं सगळ्यात शेवटी. वर्षाचं अक्षर नुसतं वाचून भागत नाही. अक्षराचं वळण आणि भोवतीच्या ढालीचा आकार दोन्ही जुळायला हवेत, कारण प्रत्येक शहराचं अक्षरांचं चक्र निराळं होतं. १७८४ ते १८९० या काळात राजाच्या किंवा राणीच्या मुखवट्याचा ठसा कर भरल्याची खूण म्हणून असतो, त्याने काळ झटकन आवळता येतो. चमचे मात्र त्रास देतात. साधारण १७८० पर्यंत ठसे दांड्याच्या खालच्या टोकाला, वाटीजवळ मारत आणि त्यानंतर दांडा ठोकून नीट करत. त्यामुळे ठसे चेपून लांबट झालेले असतात.

१७२० ते १७५८ मधल्या मोठ्या भांड्यांची एक लबाडी मुद्दाम शोधावी. तेव्हा दर औंसाला, म्हणजे ३१.१ ग्रॅमला, सहा पेन्स कर होता. कर चुकवायला काही सोनार एका लहानशा वस्तूवर रीतसर ठसे मारून घेत, तेवढा तुकडा कापत आणि मोठ्या भांड्याच्या बुडाला डाख देऊन बसवत. ठशांवर तोंडाची वाफ सोडा. वाफ उडताना डाखाची रेघ वेगळ्या रंगाने क्षणभर उमटते. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही, आणि भांडं फार घासून चकचकीत केलेलं असेल तर भिंगातूनही सुटते.

कागदांसाठी शहराबाहेर सॉवटनला डेव्हन हेरिटेज सेंटरमध्ये जावं लागतं. इथे एक मोठं भगदाड आहे : मे १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात एक्सेटरमधली मृत्युपत्रं जळाली. त्यातून वाचलेली वाट म्हणजे करखात्याने १८१२ ते १८५७ मध्ये करून घेतलेल्या नकला. त्याआधीच्या काळासाठी लंडनला क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या उमेदवारीच्या करवह्या, १७१० ते १८११. कोणता मुलगा कोणत्या उस्तादाकडे किती पौंड देऊन शिकायला लागला, हे त्यात मिळतं. साधारण १७५२ नंतर बापाचं नाव लिहिणं थांबलं, आणि बापाकडेच शिकणाऱ्या मुलासाठी पैसे दिले जात नसल्यामुळे त्याची नोंद बहुधा नसते. सोनारांच्या घराण्यांत हीच मुलं सगळ्यात जास्त! म्हणून नाव सापडलं नाही तर शहराच्या फ्रीमेनची, म्हणजे तिथे धंदा करायचा हक्क असलेल्या नागरिकांची, यादी बघा, तिथे वारसाहक्काने आलेले मुलगे भेटतात. व्यापारी डिरेक्टऱ्यांवर मात्र फार विसंबू नका. त्यांतला ‘वॉचमेकर’ बऱ्याचदा विकणारा आणि दुरुस्त करणारा असतो.

बर्मिंगहॅमला आम्ही थोडाच वेळ ठेवला. १७७३ पर्यंत इथल्या मॅथ्यू बोल्टन या कारखानदाराला आपली चांदी ठशांसाठी ७२ मैलांवर चेस्टरला पाठवावी लागे, आणि परतीच्या वाटेत ढिसाळ बांधणीमुळे नक्षीकाम खराब होई. त्याने पार्लमेंटकडे नेट लावला आणि ३१ ऑगस्ट १७७३ ला किंग्ज हेड या खानावळीतल्या खोल्यांत शहराचं हॉलमार्क ऑफिस, म्हणजे ठसे मारायची कचेरी, सुरू झालं. नांगर ही त्याची खूण. व्हाइस स्ट्रीटवर १९८१ मध्ये बंद पडलेला स्मिथ अँड पेपर हा कारखाना संग्रहालय म्हणून राखला आहे (जाण्याआधी उघडा आहे का ते पाहा). कारागिरांच्या बाकाला अर्धगोल कापे आहेत आणि प्रत्येक काप्याखाली चामड्याची झोळी. कानशीने पडलेला सोन्याचा कीस त्या झोळीत जमायचा.

घड्याळाच्या डब्यांसाठी मात्र चेस्टर गाठायलाच हवं. लिव्हरपूल आणि कोव्हेंट्रीतल्या डबी घडवणाऱ्यांचा भरपूर माल गॉस स्ट्रीटवरच्या हॉलमार्क ऑफिसात येत असे. ते १९६२ मध्ये बंद झालं. ग्रोव्हनर म्युझियमच्या रिजवे दालनात दोन्ही शहरखुणा बघायला मिळतात. १७७९ पर्यंत अर्धे सिंह आणि गव्हाच्या अर्ध्या पेंढ्या, नंतर तीन पेंढ्यांमध्ये उभी तलवार. एका गोष्टीवरून इथे उगाच खोटेपणाचा संशय घेतला जातो : डबीत राजाचा मुखवटा नसणं. पंतप्रधान पिटने १७९७ मध्ये घड्याळांवर वार्षिक कर बसवला, सोन्याच्या घड्याळाला १० शिलिंग, चांदीच्याला अडीच. धंदा इतका बसला की पुढच्याच वर्षी तो कर मागे घ्यावा लागला, आणि डब्यांवरचा चांदी-सोन्याचा करही माफ झाला. म्हणून १७९८ नंतरच्या डबीत मुखवटा नसतो. तिथे तो दिसला तरच शंका घ्या. दुहेरी डबी असेल तर आतल्या आणि बाहेरच्या डबीचं वर्षाक्षर आणि आद्याक्षरं जुळतात का बघा. दोन डब्यांच्या मधली गोल चिठ्ठी चुकूनही टाकू नका. दुरुस्त करणाऱ्या दुकानाचा पत्ता तिच्यावर छापलेला असतो आणि मागे कधीकधी शाईने तारीख.

लिव्हरपूलहून लोकलने प्रेस्कॉट. इथल्या घराघरांतल्या कारखान्यांत कच्ची यंत्रं तयार होत आणि लंडन, लिव्हरपूल, कोव्हेंट्रीला पूर्ण होण्यासाठी जात. जॉन विचर्लीने यंत्रांवर ठरावीक मापाचे भाग काढायला सुरुवात केली. लँकेशायर वॉच कंपनीने १८८९ मध्ये सगळं एका छताखाली आणलं, पण अमेरिकन आणि स्विस मालापुढे तिचा १९११ पर्यंतच निभाव लागला. तिची इमारत अजून उभी आहे.

तबकडीखालचा ठसा बघायचा तर सहाच्या आकड्याजवळची खिटी नखाने दाबून यंत्र बिजागरीवर बाहेर काढायचं. त्यापुढे तबकडी उतरवणं घड्याळजीवर सोपवा. तिचे पाय बारीक पिनांनी अडकवलेले असतात, आणि पातं घालून उचललं तर मिन्याला तडा जातोच. ठशाशेजारी आकडा असेल तर तो बऱ्याचदा यंत्राचं माप असतो. शून्य म्हणजे एक इंच आणि पाच तिसांश, पुढे प्रत्येक आकड्याला एक तिसांश वाढ. म्हणजे १२ म्हणजे ३९.८ मिलिमीटर, १८ म्हणजे ४४.९. प्लेटचा व्यास मोजून हे जुळलं, तर यंत्र लँकेशायरकडचं असण्याला चांगलाच आधार मिळतो. कच्चं यंत्र पुरं करणाऱ्याचं नाव मात्र बहुतेक वेळा कुठेच नसतं. त्याच्यासाठी कोव्हेंट्रीच्या चॅपलफील्ड्समधल्या घराघरांचे जनगणनेचे कागद, १८५१ पासूनचे, चाळायला घ्यावेत.