चिपवर भरवसा आहे, पण पत्ते कापून

शनिवारच्या लिनक्सच्या बॅचला हा प्रश्न ठरलेला असतो. परवा तर एकाने फोन करून विचारलं, "सर, प्रोसेसरमध्येच रँडम आकडे काढणारं हार्डवेअर आहे ना? मग गुप्त की बनवायला लागणाऱ्या रँडम आकड्यांसाठी ऑपरेटिंग सिस्टीम एवढा खटाटोप कशाला करते? त्याचा आकडा घ्यायचा आणि मोकळं व्हायचं!"

आधी माझीच एक फजिती सांगतो. २०१९ मध्ये एका जुन्या यजमान मशीनवरच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर मी डेबियन लिनक्सची नवी आवृत्ती चढवली आणि रात्री रीबूट केलं. पिंगला उत्तर येत होतं, एसएसएच (दुरून लॉगिन करायची सोय) मात्र लागेना. पाच मिनिटं गेली, मग कन्सोल उघडला. काळा पडदा, लुकलुकता कर्सर. वैतागून चार-सहा वेळा एंटर दाबलं आणि एसएसएच लागलं! पुन्हा रीबूट केलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी हात लावला नाही, चहा करून आणला. चहा संपला तरी सर्व्हर ढिम्म. मग कीबोर्डवर नुसती बोटं फिरवली, आणि लगेच चालू. भूतबाधा झाल्यासारखा प्रकार.

कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये 'सीआरएनजी इनिट डन' (रँडम आकड्यांची यंत्रणा तयार झाली) अशी ओळ असते. ती नेमकी मी बोटं फिरवली त्या सेकंदाला उमटली होती. एसएसएच सुरू होताना कर्नलकडे रँडम बाइट मागत होतं, कर्नल म्हणत होता, थांब, अजून पुरेसं जमलं नाही. १९९४ साली थिओडोर त्सो यांनी लिनक्ससाठी ही व्यवस्था लिहिली ती याच कल्पनेवर: कळ कधी दाबली गेली, डिस्कचं उत्तर कधी आलं, या वेळांमधली बारीक अनिश्चितता गोळा करायची. माझ्या सर्व्हरला कीबोर्ड नाही, माऊस नाही, डिस्कसुद्धा नावापुरती. अनिश्चितता आणायची कुठून? शिवाय तो प्रोसेसर एवढा जुना, की रँडम आकडा देणारी सूचनाच (इन्स्ट्रक्शन) त्याच्यात नव्हती. शेवटी यजमानाकडचे रँडम बाइट पाहुण्या मशीनला देणारं व्हर्टिओ-आरएनजी जोडलं आणि बूट सेकंदांवर आलं.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे हार्डवेअर हवंच. हवंच! २०१२ मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरच्या की गोळा करून तपासल्या, तेव्हा कितीतरी राऊटर आणि फायरवॉलच्या आरएसए कींमध्ये (या दोन गुप्त मूळ संख्या गुणून बनतात) एक मूळ संख्या सामाईक निघाली, म्हणजे त्या फोडता येत होत्या. बिचाऱ्यांनी पहिल्याच बूटला, काही जमलेलं नसताना, की बनवून टाकल्या होत्या. तेव्हा हार्डवेअर हवं यात वाद नाही. ते एकट्याने पुरेसं आहे का, हा प्रश्न आहे.

आमच्याकडे मेंढीकोट खेळताना आजोबांचा नियम होता: पिसणारा एक, कापणारा दुसरा. पिसणारा सख्खा भाऊ असला तरी. कर्नल तेच करतो. इंटेलने २०१२ च्या आयव्ही ब्रिजपासून दिलेली आरडीरँड ही सूचना, इंटरप्टच्या (उपकरणांनी प्रोसेसरला मारलेल्या हाकांच्या) वेळा, मागच्या बूटची बियाणं-फाईल (तेव्हा साठवलेले रँडम बाइट), सगळं एका हॅशमध्ये, म्हणजे काहीही घातलं तरी ठरावीक लांबीचा आकडा देणाऱ्या सूत्रात, घोटतो (२०२२ पासून हा हॅश ब्लेक२एस आहे). दुधात नासकं पडलं की सगळा कॅन जातो. इथे उलट, एक स्रोत जरी खरा असला तरी मिश्रण खरं राहतं.

नुसत्या चिपवर का विसंबायचं नाही? कारण बाहेरून काही कळत नाही. आत एक सर्किट दोन अवस्थांच्या काठावर तोललेलं असतं, उष्णतेच्या सूक्ष्म थरथरीने कुठल्या तरी एका बाजूला कलंडतं. पण ते बिट तसेच बाहेर येत नाहीत, एईएस या सांकेतिकीकरणाच्या पद्धतीतून धुऊन येतात. एक, दोन, तीन असे साधे आकडे कुणाला तरी ठाऊक असलेल्या कीने एईएसमधून काढले, तरी संख्याशास्त्राच्या सगळ्या चाचण्या पास होतील. अमेरिकी हेरसंस्थेची गुपितं फोडणाऱ्या स्नोडेनच्या प्रकरणानंतर २०१३ मध्ये आरडीरँड लिनक्समधून काढा म्हणून अर्ज फिरला. लिनक्सचे जनक टोरवाल्ड्स यांनी तो फेटाळला: ते अनेक स्रोतांपैकी एक आहे, मिसळूनच वापरतो. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमनेही दहाव्या आवृत्तीपासून चिपचे आकडे थेट न देता आपल्या मिश्रणातून द्यायचं ठरवलं.

मला मात्र कटकारस्थानापेक्षा साध्या चुकीची जास्त भीती वाटते. २०१९ मध्येच एएमडीचे रायझन ३००० प्रोसेसर बाजारात आले. त्यांच्यातलं आरडीरँड दरवेळी एकच आकडा द्यायचं, सगळे बिट एक. वर 'काम फत्ते' असा झेंडाही दाखवायचं! बूटच्या वेळी बाकी सेवा सुरू करणारं सिस्टमडी काही ओळखक्रमांकांसाठी थेट त्यालाच विचारत होतं, त्यामुळे लिनक्सच्या काही नव्या डिस्ट्रो त्या मशीनवर बूटच होईनात. व्हीपीएनचं वायरगार्ड वेगळा क्रमांक मिळेपर्यंत फिरत राहिलं, कारण कर्नलनेही छोट्या आकड्यांसाठी तोच शॉर्टकट मारला होता. दुरुस्ती बायोसच्या अपडेटने झाली, आणि कर्नलमधला शॉर्टकट २०२० मध्ये बंद झाला. ज्यांनी न कापता पत्ते उचलले तेवढेच अडकले. मिसळून घेणाऱ्यांचं काही बिघडलं नाही.

जाता जाता: नव्या कर्नलवर उपलब्ध एन्ट्रॉपी (जमलेली अनिश्चितता) २५६ वर अडकलेली दिसते म्हणून घाबरून मेसेज करू नका. पूर्वी तो आकडा ४०९६ पर्यंत चढायचा, उतरायचा; आता भरलं की भरलं.

फोनवरच्या मुलाने शेवटी विचारलं, बूटच्या वेळी सीपीयूवर भरवसा ठेवण्याचा पर्याय चालू ठेवू की बंद? चालू ठेव म्हटलं. चिपचे आकडे दोन्हीकडे मिसळले जातातच. तो पर्याय फक्त त्यांचं वजन धरायचं की नाही, एवढंच ठरवतो. व्हर्च्युअल मशीनची इमेज क्लोन करताना मात्र ती बियाणं-फाईल आणि एसएसएचच्या होस्ट की आधी काढून टाक. नाहीतर वीस सर्व्हर एकाच कीचे उठतील.

"वीस नाही सर," तो म्हणाला, "चाळीस आहेत. कालच केले."