काचेच्या कौलाखाली

दुपारचे तीन. माजघरात घोंगडीवर उताणा पडलोय. निमित्त फणस. पुण्याहून आठ दिवसांसाठी राजापूरकडच्या या घरी यायचं आणि आल्या आल्या गड्याच्या ऐटीत परड्यातला फणस खांद्यावर घ्यायला जायचं, ही माझी जुनी खोड. फणस कापा निघाला, गोडही निघाला. मी मात्र गरे झोपून खाल्ले.

वर बघण्यावाचून दुसरा उद्योग नाही. मधोमध आढं, त्याला दोन्ही अंगांनी टेकलेले वासे, वाशांवर रिपा, रिपांवर कौलं. जन्म गेला या घरात येण्याजाण्यात, पण आपण कुणाच्या तरी छातीच्या पिंजऱ्यात जेवतो-झोपतो, हे आज दिसलं. वासे मोजले. या अंगाला अकरा, त्या अंगाला अकरा. माणसाला बरगड्यांच्या 12 जोड्या. आमच्या सुताराने एका जोडीची काटकसर केलेली दिसते. बाकी आमचं घर काही बडं नाही, त्यामुळे वासे भरीव आहेत.

उशाशी एक्स-रेचं पाकीट होतं. फिल्म काढून काचेच्या कौलाच्या उजेडात धरली. कमरेचे पाच मणके, उतरंडीला लावलेल्या गाडग्यांसारखे. मणक्यांमधल्या गाद्या मात्र एक्स-रेत उमटत नाहीत. दिसते ती नुसती फट. चौथ्या आणि पाचव्या मणक्यातली फट जरा अरुंद, तेवढ्यावरून डॉक्टर म्हणाले, ‘‘गादी दबलीय.’’ म्हणजे ज्याने मला आडवं केलं, त्याचा या फोटोत पत्ताच नाही.

फिल्म धरून वर बघायची ही दुसरी खेप. पहिली 24 ऑक्टोबर 1995 ची. ऐन दिवाळीत सकाळी सूर्यग्रहण. उत्तरेकडे खग्रास होतं, आमच्या वाट्याला खंडग्रास. आजीने पाण्याच्या हंड्यात तुळशीपत्रं टाकून चुलीला सुट्टी दिलेली. दादाने फडताळातून आजोबांच्या छातीचा एक्स-रे पळवला आणि आम्ही खळ्यात उभे राहिलो. (असं बघू नये, डोळ्यांना इजा होते. तेव्हा कुणी ओरडलं नाही.) कुरतडलेला सूर्य आजोबांच्या दोन बरगड्यांच्या मधून सरकत होता. मी नऊ वर्षांचा. सूर्य राहिला बाजूला, मला भलतंच दिसलं. बरगड्या मागून निघून वळसा घेत पुढे येत होत्या आणि मध्येच संपत होत्या. टोकं अधांतरी.

‘‘आजोबा, तुमच्या बरगड्या सुटल्यात!’’

आजोबा पडवीत सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, ‘‘सुटल्यात म्हणून तर दम घेता येतो रे.’’

थट्टाच होती ती, पण पुष्कळशी खरी निघाली. पुढचा भाग कूर्चेचा असतो. ती लवचीक असते आणि एक्स-रेत सहसा उमटत नाही. वरच्या सात जोड्या आपापल्या कूर्चेने थेट उरोस्थीला जाऊन भिडतात, पुढच्या तीन वरच्या भावंडाचा हात धरतात, शेवटच्या दोन कुणालाच धरत नाहीत. अशी शेवटची दोन आमच्या घरातही आहेत. त्यांची नावं घेत नाही.

दादाचं मात्र घेतो. देवघराच्या दाराच्या चौकटीवर आमच्या उंचीच्या कोळशाच्या खुणा होत्या. दादा कायम सकाळी उठल्या उठल्या मोजून घ्यायचा. मी दिवसभर हुंदडून दिवेलागणीला. आता कळतंय की रात्री आडवं झालं की त्या गाद्या पाणी पिऊन फुगतात आणि दिवसभराच्या भाराने पुन्हा चेपतात. सकाळ-संध्याकाळच्या उंचीत सेंटिमीटरभर फरक सहज पडतो. म्हणजे इतकी वर्षं तो एका सेंटिमीटरने मला फसवत होता. तिथल्या तिथे फोन लावला.

‘‘मला तरी कुठे ठाऊक होतं?’’ दादा म्हणाला. ‘‘आणि आता खुणा कुठायत? गेल्या गणपतीत चौकटीला रंग दिला ना.’’

रंगाचं मी विसरलोच होतो. त्या चौकटीवर आजोबांच्याही खुणा होत्या. आमचं मोजून झालं की तेही पाठ टेकवून उभे राहायचे, ‘‘ओढ रेघ’’ म्हणायचे. आमच्या रेघा वर चढायच्या, त्यांची दर साली थोडी खाली यायची, आणि ते ती शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखवायचे. शेवटची रेघ मीच ओढली होती. ती माझ्या रेघेच्या खाली आली. त्या दिवशी त्यांनी कुणाला बोलावलं नाही.

ऑइलपेंटखाली कोळसा टिकतो का, कोण जाणे. नखाने थोडं खरवडून बघायला हवं. चौकट इथून चार हातांवर आहे, पण आज कुशीवर वळायचीसुद्धा चोरी.