घुमटाला डावा हात उलटा लागतो

चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) रात्री गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका घरात आरती चालली होती आणि माझा डावा हात सारखा चुकत होता. मी तबलजी, आणि तबलजीचा डावा हात म्हणजे डग्ग्याचा (जोडीतल्या मोठ्या, खर्जाच्या वाद्याचा) हात. मनगट दाबलं की सूर चढतो, सैल सोडलं की उतरतो. घुमट या गोव्याच्या वाद्यावर नेमकं उलटं. भाजक्या मातीच्या मडक्याचं एक तोंड चामड्याने मढवलेलं, दुसरं अरुंद तोंड उघडं. उजव्या हाताची बोटं चामड्यावर, डाव्याचा तळवा उघड्या तोंडावर. तळव्याने तोंड झाकत नेलं की आतल्या हवेची वाट लहान होते आणि घुमारा खाली जातो, तळवा उचलला की वर येतो. डग्ग्यावर चामड्याचा ताण सूर बदलतो, इथे हवा. मला सूर चढवायचा असे तेव्हा मी सवयीने दाबत होतो, म्हणजे तो गिळूनच टाकत होतो. शेजारचे काका गाणं न थांबवता ओरडले, "हात काड रे, उक्तें दवर!" (हात काढ रे, उघडं ठेव!)

आरत्या आपल्याच, मराठी. पण आपल्याकडे प्रसादाच्या घाईत आरती उरकतात, तसं इथे नाही. एकेक कडवं आळवतात, लय हळूहळू चढवतात, आणि घुमटांच्या जोडीला शामेळ हे चर्मवाद्य दोन काठ्यांनी वाजतं, वर कासाळें (झांजा). डोक्यावर माटोळी (गणपतीवरची चौकट), तिला टांगलेले नारळ आणि सुपारीचे घड. कुणी नोटेशन बघत नाही, कुणी माइक मागत नाही. कासाळें दहा वर्षांच्या पोरांच्या हातात, आणि ती मोठ्यांपेक्षा लयीला पक्की. आमची धाकटी अर्ध्या तासात त्यांच्यात जाऊन बसली. तिला शिकवायला कुणीच थांबलं नाही, नुसतं सरकून जागा दिली.

पूर्वी घुमट घोरपडीच्या कातड्याने मढवत. वन्यजीव कायद्याने त्याला बंदी आहे, आता बकऱ्याचं कातडं. 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. बकऱ्याचं कातडं भाद्रपदातली दमट हवा पिऊन ढिलं पडतं आणि टणत्काराऐवजी नुसती थप्प येते. मग शेकायचं. चुलीपासून दोन हात लांब, चामडं जाळाकडे, मडकं फिरवत राहायचं. बोटाने टिचकी मारत ऐकायचं, आवाज बसका होता तो मोकळा झाला की लगेच बाजूला. हावरेपणाने आणखी शेकलं तर कातडं काठापाशी फाटतं. बोटातली अंगठीही काढून ठेवा, तीही त्याच जागी घात करते.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या सभामंडपात मला साथ करायची होती आणि तिथे हीच दमट हवा तबल्याला भेटली. चूक माझीच. उतरलो होतो त्या खोलीत एसी होता, तबला रात्रभर तिथे. कोरड्या गार हवेत पुडी (तबल्याचं चामडं) आवळली, सकाळी काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराचा) तबला चढलेला. मी शहाणपणा करून गट्टे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) वर घेतले, म्हणजे ताण सैल केला. संध्याकाळी उघड्या मंडपात पिशवी सोडली तेव्हा तो पांढरी एकच्याही (लगतच्या खालच्या सुराच्याही) खाली घसरला होता आणि गायक काळी एक घेऊन बसलेले. म्हणून सांगतो: गोव्यात वाद्य एसीत ठेवूच नका. निदान पाऊण तास आधी मंडपात पोचा आणि पिशवीतून काढून नुसतं ठेवा, हात लावू नका. पुडी तिथल्या हवेला सरावली की मग हातोडी. घसरण मोठी असेल तर आधी गट्टे खाली ठोकायचे, बारीक फरक गजऱ्यावर (पुडीच्या काठाच्या वेणीवर). गजऱ्यावरची सोळा घरं (ठोकायच्या जागा) ओळीने ठोकत गेलात तर पुडी एका बाजूला ओढली जाते, म्हणून पहिलं, नववं, पाचवं, तेरावं असं समोरासमोर जायचं. डग्गा भद्द झाला तर केस वाळवायचं यंत्र वीतभर लांबून किनारीवर फिरवा. शाईवर (चामड्यावरच्या काळ्या थरावर) गरम झोत नको, तडकते. आणि मंचावरचे दिवे लागले की अर्ध्या तासात सगळं पुन्हा थोडं चढतं, तेव्हा सुरुवातीला केसभर उतरतं ठेवलेलं बरं.

मुलांचं काय, तर समुद्र या दिवसांत विसरा. पाण्याला ओढ असते, लाल झेंडे असतात, आणि किनाऱ्यावर "फक्त पाय भिजवू" हे आश्वासन कुठलंच मूल पाळत नाही. आम्ही हरवळ्याचा धबधबा पाहिला, तांबडी सुर्लाचं देऊळ पाहिलं, तिथे जळवांनी माझ्या पायाचं दर्शन घेतलं (मोजे पँटवर ओढा, खिशात मिठाची पुरचुंडी ठेवा, जळू ओढून काढू नका). दूधसागर धबधबा पावसाळ्यात नाहीच, जीपगाड्या पाऊस संपल्यावर सुरू होतात. बाकीचे तीन दिवस नेवऱ्या (करंज्या) आणि खतखत्यात (मिश्र भाजीत) गेले.

केरी गावाची पाटी दिसली तेव्हा थोरल्याला सांगितलं की गायिका केसरबाई केरकर इथल्या. त्यांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानासोबत अंतराळात गेली. त्याने विचारलं, तिकडे ऐकायला कुणी आहे का. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नव्या रचनेचं काम झालं ते दुपारी. एक ते चार दुकानं बंद, रस्ते ओस, मुलं झोपलेली. देखावा असलेली खोली घेऊन तिथे रचना करायची कल्पना मी कायमची सोडली आहे. या तीन तासांत मागच्या पडवीत बसून होतं तेवढंच खरं. आरतीचं रेकॉर्डिंग आधी फुकट गेलं, कारण फोन घुमटाशेजारी ठेवला होता आणि प्रत्येक घुमाऱ्यावर आवाज फुटत होता. दुसऱ्या रात्री दहा-बारा फूट लांब, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवला, सगळं स्वच्छ आलं. कौलांवरचा पाऊसही आला, त्याला इलाज नाही.

घुमटाची झाक-उघड डग्ग्यावर आणायची तर मनगट आधीच दाबून आघात करायचा आणि मग सोडायचं. सूर वरून खाली उतरतो, तळवा झाकल्यासारखा. मध्य लयीत हे सुंदर लागतं. द्रुतमध्ये आस (घुमत राहणारा सूर) उतरायच्या आत पुढचा आघात येतो आणि सगळं पिठलं होतं. तीनतालात दोन दुपारी घालवून सोडलं. सात मात्रांच्या रूपकात बसलं. तिथे पहिल्या तीन मात्रा 'ती ती ना', डग्गा गप्प, मग चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर 'धी'. त्या दोन जागांच्या मध्ये आणि नंतर एकेक मात्रा मोकळी, तिच्यात सूर उतरायला वेळ मिळतो. सहा ओळी झाल्या, तिहाई (तीनदा येणारा शेवटचा तुकडा) अजून पटत नाही.

एक घुमट विकत घेतलं. आत मुलांचे कोरडे मोजे भरले (ओले नकोत), चामडं वर ठेवलं आणि धाकटीच्या मांडीवर दिलं. परतताना चोर्ला घाटाच्या वळणांवर तिला उलटी झाली. घुमट तिने आधी भावाच्या हातात दिलं, मग खिडकीकडे वळली.