झाकण पाझरत होतं, बुजला होता ब्रीदर

आमच्या एमएम ५४० जीपच्या मागच्या क्राऊनचं, म्हणजे मागच्या ॲक्सलवरच्या, चाकांना फिरवणाऱ्या गिअरच्या डब्याचं झाकण यंदा उन्हाळ्यात पाझरायला लागलं. थेंब पडत नव्हते. झाकणाच्या खालच्या कडेला ओलसर काळा पट्टा दिसायचा आणि त्यावर काटोल रोडची धूळ बसून घट्ट लगदा व्हायचा. पुसला की पुन्हा तयार. जीप रोजच्या कामाची आहे. कळमेश्वरच्या पुढे शेत आहे, शेवटचा रस्ता कच्चा, मध्ये एक नाला. संत्र्याच्या हंगामात क्रेट भरून ती त्या नाल्यातून येते-जाते. तिच्या क्राऊनमध्ये तेल कमी होऊन चालणार नाही.

स्प्रिंगचे पट्टे बदलायला मी ज्या मिस्त्रीकडे जातो, तो खाली वाकून म्हणाला, "काकाजी, एवढंसं तर गळते. वरून सिलिकॉन मारून देतो ना. कायले खोलता?"

माणूस कसबी आहे, पण हे मला पटलं नाही. तेलकट लोखंडावर सिलिकॉन धरत नाही, आणि तेल ज्या कारणानं बाहेर येतंय ते कारण तसंच राहतं. माझी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात टर्बाइनच्या मेंटेनन्सला गेली. दोन लोखंडी तोंडं एकमेकांवर बसवायची आणि मधून वाफ निघू द्यायची नाही, हे तिथलं काम. केसिंगच्या जोडावर आम्ही उकळलेल्या जवसाच्या तेलाचं मिश्रण लावायचो, जाड पॅकिंग नाही. तोंड सपाट असेल तर तेवढं पुरतं. सपाट नसेल तर कितीही थापा.

म्हणून झाकणाला हात लावण्याआधी मी ब्रीदर, म्हणजे आतल्या हवेची ये-जा होण्याची वाट, शोधला. ॲक्सलच्या नळीवर, वरच्या अंगाला ही बारकी टोपी असते. गाडीखाली न वाकता ती दिसत नाही, त्यामुळे सहसा कोणी तिच्याकडे बघत नाही. माझ्या जीपची टोपी काळ्या मातीनं पार बुजली होती. बोटानं फिरेना, फुंकर आरपार जाईना. इथे सगळा उलगडा होतो. गाडी चालली की क्राऊनचं तेल तापतं, आतली हवाही तापते. सकाळी ३० अंशांवर असलेली हवा बंद जागेत ९० अंशांवर गेली, तर तिचा दाब साधारण पाचव्या हिश्शानं वाढतो. त्या दाबाला वरून वाट नसली, तर तो सील नाहीतर झाकणाची फट शोधतो. आणि तापलेला ॲक्सल नाल्याच्या गार पाण्यात उतरला की उलटं होतं. हवा आकसते, आत ओढ तयार होते आणि सीलच्या कडेनं पाणी आत येतं. विदर्भातली काळी माती पावसाळ्यात चिकटते, उन्हाळ्यात विटेसारखी कडक होते. शेतावर जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा ब्रीदर वर्षातून एकदा तरी उघडून बघायला हवा, असं माझं ठाम मत आहे. मी जुनी टोपी काढली, तिथं नळीचा निप्पल बसवला आणि तेलाला टिकणारी रबरी नळी चासीच्या वरपर्यंत नेली. आता नाल्याचं पाणी ब्रीदरपर्यंत पोचत नाही.

मग क्राऊन. गाडी आधी फिरवून आणली, म्हणजे तेल कोमट होऊन पातळ होतं आणि तळाचा गाळ हलतो. सपाट जागी उभी केली, पुढच्या चाकांना दगड लावले. सगळ्यात आधी तेल भरायचा प्लग सैल केला. हा क्रम कधीही मोडू नये. जुन्या गाडीत हा प्लग गंजून अडकलेला असू शकतो. तेल आधी सोडून दिलं आणि नंतर प्लग उघडला नाही, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही.

झाकणाचे १० बोल्ट. वरचे दोन थोड्या आट्यांवर राखून बाकीचे काढले, खाली घमेलं सरकवलं, खालच्या कडेत पातळ पट्टी घालून हलकेच उचकलं. तेल धारेनं आलं. सव्वा लिटरच्या आसपास असतं, पण घमेल्यात बघताना जास्त वाटतं. ड्रेन प्लग असलेल्या गाड्यांनाही झाकण उघडूनच तेल बदलावं असं मी म्हणतो. नुसता प्लग काढला तर वरचं तेल जातं, तळाचा गाळ बराचसा तिथंच बसून राहतो.

तेल वाचता आलं पाहिजे. काळं असणं वाईट नाही, गंधकाचा उग्र वासही नेहमीचा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. माझ्या तेलात तळाशी थोडी दुधाळ छटा होतीच. नाला आणि बुजलेला ब्रीदर, दोन्हींची ती साक्ष. चुंबक फिरवला तर त्याला राखाडी, मऊ लेप लागला. बोटांत चोळल्यावर तो खरखरला नाही. ही दातांची नेहमीची झीज. सुईसारखे तुकडे किंवा चकत्या आल्या असत्या तर बेअरिंग नाहीतर दात गेला, असं समजून पुढचं काम थांबवलं असतं. मागची दोन्ही चाकं उचलून, ॲक्सल लोखंडी घोड्यांवर टेकवून क्राऊन व्हील, म्हणजे आतलं मोठं दातेरी चाक, हातानं पूर्ण फिरवलं आणि टॉर्चच्या उजेडात एकेक दात बघितला. खड्डे नाहीत, निळसर जळका डाग नाही. फार समाधान वाटलं.

साफसफाईत घाई नको. जुनं पॅकिंग खरवडताना हाउसिंगच्या तोंडात आधी स्वच्छ फडकं कोंबलं, म्हणजे कपचे आत पडत नाहीत. ग्राइंडरची खरखरीत चकती मी या कामाला लावू देत नाही. तिचे बारीक कण बेअरिंगमध्ये जातात आणि तिथं तेलासोबत फिरत राहतात. खरवडणी, थिनर, फडकं, पुन्हा थिनर. बोट फिरवून ते कोरडं लागेपर्यंत.

झाकण पत्र्याचं दाबून केलेलं असतं. कुणीतरी केव्हातरी गळती थांबवायला बोल्ट जोर लावून आवळलेले, त्यामुळे प्रत्येक भोकाभोवतीचा पत्रा आत दबला होता आणि दोन भोकांच्या मधली कड उचलली होती. हे डोळ्यांना दिसत नाही. जाड काचेवर निळा रंग पातळ पसरून झाकण त्यावर ठेवलं, तेव्हा रंग फक्त भोकांभोवती लागला, मधल्या कडांना नाही. लाकडी ठोकळ्यावर धरून हातोडीनं हलकेच ठोकत, पुन्हा काचेवर ठेवत, सगळीकडे रंग लागेपर्यंत काम केलं. गळक्या झाकणावर बोल्ट अजून कसणं म्हणजे फट वाढवणं आहे, हे मिस्त्रीच्या हाताखालच्या पोरांना कुणीतरी काचेवर दाखवायला हवं.

पॅकिंग म्हणून कागद न घालता अनाबॉन्डचा सिलिकॉन वापरला. साधारण ३ मिलिमीटर जाडीची अखंड रेघ, भोकांच्या आतल्या बाजूनं, प्रत्येक भोकाला वळसा घालून. जास्त घातलं तर आत ओघळून त्याचे गोळे तेलात सुटतात. झाकण लगेच बसवलं, बोल्ट हातानं टेकवले, तासाभरानं समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कपर्यंत (आवळण्याच्या जोरापर्यंत) कसले. एक गोष्ट नागपूरकरांनी ध्यानात ठेवावी: हा सिलिकॉन उन्हानं वाळत नाही, हवेतल्या ओलाव्यानं घट्ट होतो. नवतपाच्या कोरड्या हवेत त्याला वेळ जास्त लागतो. ट्यूबवर २४ तास लिहिले असतील तर मे महिन्यात मी त्याहून जास्त देतो, आणि तोवर तेल भरत नाही.

तेल जीएल-५ दर्जाचं हवं (जीएल ही गिअर तेलाची प्रतवारी). या क्राऊनमध्ये पिनियन, म्हणजे क्राऊन व्हीलला फिरवणारा लहान गिअर, व्हीलच्या मध्यरेषेच्या खाली लागतो, त्यामुळे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घासत सरकतात. त्या दाबाखाली साधं तेल टिकत नाही, गंधक-फॉस्फरसचे घटक लागतात. मात्र उरलेलं तेच तेल गिअरबॉक्समध्ये ओतू नये. आतल्या पितळी रिंगांना ते खातं, तिथं जीएल-४ योग्य. मी जाड असं ८५डब्ल्यू-१४० निवडलं, कारण पारा ४५ च्या वर जातो तेव्हा माझी जीप भार ओढत असते. हलक्या कामाच्या गाडीला ८०डब्ल्यू-९० पुरेसं आहे. हातपंपानं भरलं, भोकाच्या खालच्या कडेतून बाहेर यायला लागल्यावर थांबलो, प्लग लावला.

जुनं तेल झाकणबंद कॅनमध्ये भरून वापरलेलं तेल गोळा करणाऱ्या परवानाधारकाकडे दिलं. गॅरेजमागच्या नालीत ओतलेलं तेल शेवटी नाग नदीत जातं, आणि त्या नदीच्या वाट्याला आधीच पुष्कळ आलंय.

शेतावर जाऊन आल्यावर झाकणाच्या कडेवर खडूची पूड मारून ठेवली. पांढरीच राहिली. पिनियनच्या सीलपाशी मात्र किंचित ओल दिसते. ब्रीदर मोकळा झाल्यावर ती आपोआप थांबते का, ते पावसाळाभर बघणार आहे. नाही थांबली तर दिवाळीनंतर पिनियनच्या टोकाचा फ्लँज (जोडतबकडी) काढावा लागेल, आणि तिथं नट किती कसायचा याचा हिशेब बेअरिंगच्या प्रीलोडशी, म्हणजे त्यावर आधीच द्यायच्या दाबाशी, बांधलेला असतो. त्या कामाला मिस्त्रीलाही सोबत घेणार आहे.