अजिंठ्याच्या अलीकडचे जळगाव

जळगाव जंक्शनवर उतरणारा बाहेरगावचा प्रवासी स्थानकाबाहेर येताच अजिंठ्याची गाडी ठरवतो, दिवसभर लेणी पाहतो आणि रात्रीच्या गाडीने निघून जातो. या शहरात माझ्या घराण्याची ही तिसरी पिढी आहे आणि आजवर माझ्याकडे आलेले निम्मे पाहुणेही असेच आले आणि गेले. त्यामुळे यंदा पुण्याहून आत्तेभाऊ, वहिनी आणि चौऱ्याहत्तर वर्षांची आत्या येणार असे कळताच मी एकच अट घातली : चार मुक्काम करणार असाल तरच या. आत्याचे बालपण यावलला गेलेले असल्यामुळे तिला ही अट लगेच मान्य झाली. त्या चार दिवसांत जे जमले, जे फसले आणि पुढे येणाऱ्यांनी ज्याची काळजी घ्यावी, ते येथे लिहीत आहे.

सर्वांत आधी महिना ठरवावा, बाकीचे नंतर. एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. दुपारी बारा ते पाच या वेळेत आम्ही स्थानिकही घराबाहेर पडत नाही, आणि लेण्यांचा कातळ त्या वेळी तव्यासारखा तापलेला असतो. डिसेंबर आणि जानेवारी हे उत्तम महिने. भरिताची वांगी याच दिवसांत येतात, मेहरूणची बोरेही याच दिवसांत मिळतात आणि रात्री चांगलीच थंडी पडते. खान्देश म्हणजे ऊन, अशी समजूत करून आलेल्या वहिनींना पहिल्याच रात्री माझ्या पत्नीची शाल घ्यावी लागली. सातपुड्यातले धबधबे, मनुदेवी किंवा पाटणादेवी परिसरातील केदारकुंड पाहायचे असल्यास मात्र ऑगस्ट-सप्टेंबर गाठावा. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आगेमागे एस. टी.च्या गाड्या माहेरी निघालेल्या लेकींनी भरलेल्या असतात. त्या दिवसांत आधी जागा राखून ठेवल्याशिवाय निघू नये.

महिन्यानंतर वार पाहावा. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात. ही गोष्ट मला लहानपणापासून ठाऊक आहे, आणि तरीही गेल्या वर्षी मी माझ्या व्याह्यांना सोमवारीच फर्दापूरपर्यंत नेऊन आणले. परतताना गाडीत जी शांतता होती तिचे वर्णन करण्याची माझी इच्छा नाही. या वेळी म्हणून पाहुण्यांना गुरुवारी संध्याकाळी यायला सांगितले आणि शुक्रवार अजिंठ्यासाठी ठेवला. शनिवार-रविवारी तेथे सहलींची गर्दी असते.

जळगावहून लेण्यांचे अंतर सुमारे साठ किलोमीटर असून रस्ता नेरी-पहूरमार्गे जातो. आपण उत्तरेकडून येत असल्याने अजिंठ्याचा घाट चढावा लागत नाही. घाटाच्या पायथ्याशी फर्दापूरच्या टी-पॉइंटलाच थांबायचे असते. अजिंठा गाव घाटावर आहे आणि लेणी त्या गावात नाहीत, हे चालकाला आधीच सांगून ठेवावे, कारण बाहेरचे चालक मोबाइलवरच्या नकाशात केवळ ‘अजिंठा’ असे टाकून सरळ घाट चढून जातात. खासगी वाहने टी-पॉइंटला उभी करून पुढचे सुमारे चार किलोमीटर तेथल्या बसनेच जावे लागते. आम्ही घरून सकाळी सातला निघालो आणि नऊच्या सुमारास, दारे उघडता उघडता, पोहोचलो. दारे उघडल्यानंतरचा हा पहिला तास फार मोलाचा ठरतो.

वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर एकाला एक लागून सुमारे तीस लेणी आहेत. सगळे लोक क्रमांक एकपासून सुरुवात करतात आणि तेथे पद्मपाणीच्या चित्रासमोर रांग लागते. आम्ही उलटे केले. पहिले लेणे सकाळच्या शांततेत पाहून घेतले, मग मधली सर्व सोडून थेट सव्वीसपर्यंत चालत गेलो आणि तेथून मागे येत राहिलो. सव्विसाव्या लेण्यातली महापरिनिर्वाणाची मूर्ती सात मीटरहून लांब आहे. तिच्यासमोर त्या वेळी आम्ही चौघे आणि एक पहारेकरी एवढेच होतो. शेजारचे चोविसावे लेणे अर्धवट आहे म्हणून लोक त्याच्याकडे पाहतही नाहीत. माझ्या मते मात्र लेणी कशी कोरली हे समजून घ्यायचे असेल तर तेच पाहावे. वरून खाली कातळ फोडत येण्याची पद्धत आणि छिन्नीचे घाव तेथे स्वच्छ दिसतात. दहावे लेणे सर्वांत जुन्या लेण्यांपैकी, इसवी सनापूर्वीचे. २८ एप्रिल १८१९ रोजी वाघाच्या शिकारीसाठी आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ही लेणी पडली आणि त्याने या दहाव्या लेण्यातल्या खांबावर आपले नाव कोरून ठेवले. लेण्यांत नावे कोरणाऱ्यांवर आपण रागावतो, तेव्हा ही परंपरा कोणी सुरू केली हेही ध्यानात असावे.

चित्रांच्या लेण्यांत प्रकाश मुद्दाम मंद ठेवलेला असतो आणि फ्लॅश वापरू देत नाहीत. आत गेल्यावर लगेच बाहेर पडू नये. डोळे सरावायला दोन-तीन मिनिटे लागतात आणि तोवर छत नुसतेच काळे दिसते. प्रत्येक ठिकाणी पादत्राणे काढावी लागतात, म्हणून बुटांऐवजी चपला किंवा सँडल बऱ्या. सुरुवातीच्या पायऱ्या उंच आहेत. वयस्करांसाठी डोली मिळते. आत्याने आधी ठाम नकार दिला आणि दुसऱ्या वळणावर स्वतःच भाव ठरवला. भाव आधीच ठरवावा आणि तो जाऊन-येऊन आहे की एकेरी, हेही विचारून घ्यावे. खाण्याचे पदार्थ हातात धरून चालू नये, कारण तेथली माकडे पिशवी ओळखतात.

जेवणाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण खान्देशात फिरण्याइतकेच जेवणही महत्त्वाचे आहे. गुरुवारी रात्री पाहुण्यांना शहराला लागून असलेल्या आसोद्याच्या एका शेतात भरीत खायला नेले होते. भरिताचे वांगे जांभळे नसते. ते हिरवे-पांढरट, मोठे आणि कमी बियांचे असते. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर ते भाजतात. काड्यांचा जाळ झपकन पेटतो आणि झपकन विझतो, त्यामुळे भाजणारा माणूस सतत काड्या सारत आणि वांगी फिरवत असतो, आणि वांग्याच्या देठापाशी रस फसफसू लागला की ते बाहेर ओढतो. साल काढलेली वांगी लाकडाच्या खोलगट भांड्यात ठेचून, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि भरपूर कांद्याची पात घालून तेलाच्या फोडणीत परततात. त्यात टोमॅटो नसतो. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली, किंवा पुरी. गॅसवर भाजलेल्या भरिताला तो धुराचा वास येत नाही. म्हणून हॉटेलात भरीत मागवण्याआधी वांगी कशावर भाजता, हे निःसंकोच विचारावे. खरा भरीतवाला या प्रश्नावर खूश होतो.

शेवभाजी सर्वत्र मिळते आणि सर्वत्र तिखट असते. ‘मध्यम’ असे सांगून उपयोग नाही, कारण आमचे मध्यम आणि पुण्याचे मध्यम यांत बरेच अंतर आहे. तर्री वेगळी मागवावी हेच शहाणपण. वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी ही पंगतीची जेवणे असल्याने हॉटेलात ती क्वचितच मनासारखी मिळतात. एखाद्या घरून किंवा लग्नातून बोलावणे आले तर सोडू नये. उलट्या खापरावर हाताने पसरून भाजलेले मांडे मात्र आता सांगून करून देणाऱ्या महिला बऱ्याच गावांत आहेत.

शनिवारी पूर्वेकडे निघालो. भुसावळ ओलांडून मुक्ताईनगर, म्हणजे जुने एदलाबाद. जळगावपासून साधारण साठ किलोमीटर. मुक्ताबाईंचे कोथळीचे जुने मंदिर पाहिल्यानंतर तापी आणि पूर्णा यांच्या संगमावरील चांगदेवला जावे. तेथले काळ्या पाषाणातले मंदिर शिखराविना उभे आहे, पण दारचौकटीवरचे कोरीव काम जवळून पाहण्यासारखे आहे. हतनूर धरणाच्या फुगवट्यामुळे हिवाळ्यात संगमाचे पाणी संथ आणि दूरवर पसरलेले असते आणि त्यावर स्थलांतरित पक्षी उतरतात. दुर्बीण असल्यास घेऊन जावी. महाशिवरात्रीच्या सुमारास येथे मोठी यात्रा भरते, त्यामुळे केवळ मंदिर पाहायचे असेल तर ते दिवस टाळावेत.

तेथून आम्ही भुसावळला परत येऊन तापीपलीकडे फैजपूरच्या रस्त्याला लागलो. वाटेवर बामणोद लागते, ज्याचे नाव भरिताच्या वांग्यांशी जोडलेले आहे. फैजपूरला १९३६ च्या डिसेंबरात पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. पुढे सावदा-रावेरपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच केळी. जळगावची केळी आणि भरिताची वांगी या दोहोंना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. सावद्याजवळ एका बागेत कापणी चालू होती, म्हणून शेतकऱ्यांची परवानगी घेऊन आत गेलो. एक जण घड कापतो, दुसरा तो खांद्यावरच्या गादीवर झेलतो, तिसरा वाकड्या सुरीने फण्या वेगळ्या करून पाण्यात सोडतो. पाहणाऱ्याने दोन पावले मागे उभे राहावे. केळीचा चीक आधी पाण्यासारखा दिसतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचा तपकिरी डाग उमटतो, जो कशानेही जात नाही. आत्तेभावाचा पांढरा सदरा आता घरी वापरण्यापुरताच उरला आहे. या पट्ट्यात बोलली जाते ती लेवा बोली, आणि अमळनेर-धुळ्याकडे ऐकू येते ती अहिराणी. बाहेरचे लोक दोन्हींना एकच समजतात आणि दोन्हीकडच्यांना ते आवडत नाही. यावलला आत्या बाजारात उतरली आणि पहिल्याच भाजीवालीशी अशा बोलीत भाव करू लागली, की तिचा मुलगा तिच्याकडे पाहतच राहिला.

या दिवशी माझी एक चूक झाली. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वाहतूक मी हिशेबात धरली नव्हती. अरुंद रस्त्यावर त्यांच्यामागे रांगावे लागते आणि अंधारात अनेक ट्रॉल्यांना मागचे दिवे नसतात. या भागातून सूर्यास्तापूर्वी हमरस्त्याला लागावे.

रविवारी पश्चिमेला गेलो. एरंडोलजवळच्या पद्मालयात कमळांच्या तळ्याकाठी गणपतीच्या दोन मूर्ती शेजारी शेजारी आहेत, एक डाव्या आणि एक उजव्या सोंडेची. रविवार असल्याने तेथे गर्दी होती. अंगारकीला तर जाण्याचा विचारही करू नये. पुढे अमळनेर. साने गुरुजी ज्या शाळेत १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते ती प्रताप हायस्कूल, आणि १९१६ मध्ये स्थापन झालेले तत्त्वज्ञान केंद्र, अशी दोन्ही ठिकाणे या गावात आहेत. मंगळग्रह मंदिरात मंगळवारी रांगा लागतात, अन्य दिवशी दर्शन लवकर होते. अमळनेरला जळगावहून सुरत मार्गावरच्या रेल्वेनेही जाता येते. एकटे असाल तर तेच सोयीचे.

धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ आणि लळिंगचा किल्ला यांना वेगळा दिवस हवा, आणि तोरणमाळला तर दोन. ते या फेरीत घुसडू नये. जळगाव शहरात २०१२ मध्ये सुरू झालेले गांधीतीर्थ पाहायला अर्धा दिवस ठेवावा, संध्याकाळ मेहरूण तलावावर घालवावी. सराफ बाजारात जायचे असेल तर दुपारीच जावे. सोन्यासाठी जिल्ह्याबाहेरूनही गिऱ्हाईक येते आणि लग्नसराईत संध्याकाळी उभे राहायलाही जागा नसते. राहण्याची खोली घेण्यापूर्वी गरम पाणी किती ते किती येते, हे विचारून घ्यावे. महामार्गावरच्या एका लॉजमध्ये माझ्या मागच्या पाहुण्यांना चोवीस तासांचे आश्वासन मिळाले होते आणि प्रत्यक्षात पाणी पहाटे अर्धा तास आले.

सोमवारी पाहुण्यांना पुण्याची गाडी चाळीसगावहून पकडायची होती, म्हणून सकाळीच तेथे पोहोचलो आणि अठरा किलोमीटरवरील पाटणादेवीला गेलो. गौताळा अभयारण्याच्या कुशीतले चंडिकादेवीचे हे स्थान गणिती भास्कराचार्यांशी जोडलेले आहे. त्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापन केल्याचे तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात नमूद आहे. वहिनींनी विचारले, की शनिवारी पाहिलेले चांगदेव हेच का? नव्हेत, ते योगी आणि हे ज्योतिषी, नाव तेवढे सारखे. जंगलाचा भाग असल्याने दुपारी चारनंतर तेथे रेंगाळू नये. पिण्याचे पाणी चाळीसगावातूनच भरून न्यावे.

गाडीला वेळ असल्यास चाळीसगाव स्थानकाजवळ छायाचित्रकार केकी मूस यांच्या घरातील संग्रहालय पाहावे. आयुष्याची जवळपास पन्नास वर्षे ते या घराबाहेर क्वचितच पडले आणि टेबलावर मांडलेल्या वस्तूंमधून त्यांनी डोंगर, वाळवंटे आणि वादळे उभी केली. ते उघडे आहे का, याची मात्र आधी चौकशी करून जावे.

बामणोदला आत्याने पाच किलो वांगी घेतली होती. प्लास्टिकच्या पिशवीत ती एका रात्रीत घामेजतात, म्हणून कापडी पिशवीत, देठ न मोडता, वर काहीही न ठेवता न्यावीत. ती पिशवी तिने पुण्यापर्यंत मांडीवरच ठेवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी फोन करून विचारले, की सोसायटीच्या गच्चीवर जाळ करायला कपाशीच्या काड्या कुरिअरने पाठवता येतील का.