मोकळी सम

मिरजेतल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर बैठक होती. सत्तर-ऐंशी माणसं कशीबशी मावतील एवढी जागा, खाली सतरंज्या, चपलांचा ढीग जिन्यात. मी गेली काही वर्षं मैफिलींचे फोटो काढते, आणि मोठ्या सभागृहांपेक्षा अशा माड्या मला जास्त आवडतात. इथे गाणारा आणि ऐकणारा यांच्यात दोन हातांचं अंतर असतं.

गाणं सुरू व्हायच्या आधी एक वयस्कर चाचा दोन तंबोरे घेऊन बसले होते. सतारमेकर गल्लीतले कारागीर. पुरिया राग गायचा होता. त्यात पंचम नाही, म्हणून पहिली तार निषादाला चढवलेली. चाचा जवारी लावत होते, म्हणजे तारेची गुंज जुळवत होते. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा बारीक दोरा असतो. तो केसभर पुढे सरकवायचा, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा केसभर मागे घ्यायचा. दोरा नेमक्या जागी आला की बद्द वाजणारी तार एकदम गुंजायला लागते. मी गुडघ्यांवर बसून त्यांच्या अंगठ्याचा आणि त्या दोऱ्याचा जवळून फोटो घेतला. त्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

बैठकीत मी एरवी कॅमेऱ्याचं आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर वापरते. त्या दिवशी ते चालेना. गायिकेवर दोन एलईडी दिवे लावून मंद केले होते. असे दिवे डोळ्यांना स्थिर दिसतात, पण प्रत्यक्षात सेकंदाला शेकडो वेळा लुकलुकत असतात. इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीने टिपतं, त्यामुळे ती लुकलुक आडवे पट्टे होऊन फोटोत उतरते. १/२०० सेकंदाच्या शटरवर बाईंच्या चेहऱ्यावरून काळपट पट्टे गेले. १/५० वर पट्टे फिके झाले, पण हात हलले. शेवटी मेकॅनिकल शटर लावलं. ८५ मिमीची लेन्स, आयएसओ ३२००. फोटो स्वच्छ आले, पण दर वेळी ‘खट्’.

विलंबित एकताल, म्हणजे बारा मात्रांचा संथ ताल, चालू होता. बाई मंद्रातल्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, निषादावर थांबल्या होत्या, नुसते तंबोरे ऐकू येत होते, आणि त्यातच माझं शटर वाजलं. दोन-तीन माना वळल्या. मला फार वाईट वाटलं. आपण ज्याच्यासाठी आलो तेच आपल्या हातून मोडतंय, ही भावना अंगावर येते. चाचा माझ्या शेजारीच खांबाला टेकून बसले होते. कॅमेऱ्याचा पट्टा हलकेच ओढून ते कानाशी म्हणाले, “बेटा, तुझं यंत्र बेताल वाजतंय. समेवर वाजव.”

समेवर! तालाचं आवर्तन, म्हणजे मात्रांचा फेरा, जिथून सुरू होतो ती पहिली मात्रा म्हणजे सम. तिथे तबल्याचा ‘धिं’ पडतो, मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, येऊन मिळतो, माडीभर ‘वाह’ उठते. त्यात शटर कुणाला ऐकू जाणार? पण समेची वाट बघायची म्हणजे ताल धरायला हवा. तबल्याचा ‘तिरकिट’ हा बोल ऐकला की मी तयार होत होते. लवकरच लक्षात आलं की बारा मात्रांत तिरकिट दोनदा येतं, चौथीला आणि दहावीला. दहावीचं ओळखायचं, मग ‘धी ना’, आणि मग बोट. एका आवर्तनाला जवळपास पाऊण मिनिट लागत होतं. म्हणजे पाऊण मिनिटाला एक फोटो. एरवी तेवढ्या वेळात मी वीस काढले असते.

मधल्या वेळात कॅमेरा खाली आणि डोळे मोकळे. तेव्हा मला ती माडी दिसली. तिसऱ्या रांगेतल्या एक आजी पदराआड बोटांच्या पेरांवर मात्रा मोजत होत्या. एका मुलाने बापाच्या मांडीवर डोकं ठेवलं होतं आणि बापाचं बोट त्याच्या पाठीवर ठेका धरत होतं. दाराशी उभा असलेला चहावाला कपांचा ट्रे हातात धरून तसाच थांबला होता. सम आली की कप किंचित किणकिणायचे. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले. त्यांची कबर इथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ आजही तिथे गाणं होतं. या गावाचा कान असा तयार झालेला आहे.

मी गायिकेकडे पाठ केली आणि लेन्स लोकांवर धरली.

पुढच्याच एका आवर्तनात बाईंनी मुखडा उचलला, सगळी माडी समेकडे झुकली, आणि नेमक्या समेवर त्या गप्प राहिल्या. तबला एकटाच पडला. सम मोकळी! त्या एका क्षणात साठेक चेहरे पुढे आलेले, ओठ अर्धे उघडे, हात हवेत, आणि कडेला चाचा, डोळे मिटलेले, तळवा मांडीच्या चार बोटं वर थांबलेला. माझं बोट तिथेच पडलं. मग बाईंनी समेपुढचा स्वर लावला आणि जो काही हुंकार उठला, तो अजून माझ्या कानात आहे.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा इथल्या कारागिरांचे पुष्कळ फोटो पाहायला मिळाले. भोपळा तासताना, खुंट्या बसवताना, पॉलिश करताना. मी पाहिलेल्यांत ऐकताना एकही नव्हता. ज्या माणसाचा कान तारेखालचा दोरा केसभर हलवतो, त्याचा ऐकतानाचा चेहरा कुणी टिपू नये, याची मला खंत वाटते.

महिन्याभराने दोन प्रिंट घेऊन मी चाचांच्या दुकानात गेले. वर भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा. दोऱ्याचा फोटो त्यांनी उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला, नातवाला दाखवला, घोडीचा उतार समजावला. दुसऱ्या फोटोत ते स्वतः होते. गाणारी नव्हती, तबला नव्हता, नुसते ऐकणारे. मी काही सांगायच्या आत त्यांनी स्वतःच्या थांबलेल्या हातावर बोट ठेवलं.

“ही ती मोकळी सम ना?”

मी हो म्हणाले. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, प्रिंट उलटी केली आणि मागे सावकाश अक्षरांत लिहिलं, पुरिया.